मोबाईलची भीती हवी, पण बेताची

दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप काळाप्रमाणे बदलत असते. पावसाळा आला की जुलाब-उलट्या, सुगीच्या दिवसांत अंगदुखी आणि परीक्षा तोंडावर आली की मुलांची पोटदुखी, हे आम्हा डॉक्टरांचे ठरलेले वेळापत्रक. गेल्या काही वर्षांत मात्र त्यात एका नव्याच तक्रारीची भर पडली आहे. "फोन वाजला की छातीत धडधडते." "रात्री दोनदा उठून खात्यातली शिल्लक बघितल्याशिवाय झोप लागत नाही." "अनोळखी नंबर दिसला की हातपाय गार पडतात." रक्तदाब मोजावा तर थोडा वाढलेला, ईसीजी काढावा तर त्यात काहीच दोष नाही. थोडे खोदून विचारले, की कारण बाहेर येते. शेजारच्या गृहस्थांच्या खात्यातून पैसे गेलेले असतात, नाही तर स्वतःच्याच.

याच्या अगदी उलट वृत्तीची माणसेही मी रोज पाहतो. "अहो डॉक्टर, असले मेसेज दिवसाला वीस येतात. कोण वाचत बसतो?" असे म्हणत तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या आलेली लिंक उघडणारे तरुण काही कमी नाहीत. कित्येकदा ही दोन्ही माणसे एकाच घरात असतात. वडील फोनला हात लावायला घाबरतात आणि मुलगा कशालाच घाबरत नाही.

वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. पण वैद्यकीय दृष्टीने दोन्हींचे मूळ एकच आहे. नवा धोका समोर आला की मन आपल्या परीने त्याच्याशी जुळवून घेऊ लागते. कधी ते जुळवून घेणे उपयोगी पडते, कधी तेच दुखणे होऊन बसते. आज त्याविषयी थोडे विस्ताराने बोलू.

न दिसणारा धोका

माणसाचे मन धोका ओळखायला हजारो वर्षांत शिकले. पायाखाली काही वळवळले, की तो साप आहे की दोरी हे कळण्याआधीच पाय मागे येतो. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे. त्याने धोक्याची घंटा वाजवली की शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते, नाडी जलद होते, स्नायू ताठ होतात. शांतपणे विचार करणारा कपाळामागचा मेंदू थोडा मागाहून कामाला लागतो. साप-विंचवाच्या बाबतीत ही व्यवस्था उत्तम आहे.

मोबाईलमधल्या धोक्याला मात्र ना रंग, ना वास, ना आवाज. नळाला गढूळ पाणी आले तर ते डोळ्यांना दिसते, आपण उकळून पितो. व्हॉट्सॲपवर आलेली 'लग्नपत्रिका' ही खरोखरीची पत्रिका आहे की फोनचा ताबा घेणारे ॲप आहे, हे नुसत्या डोळ्यांना कसे कळणार? पूर्वीचा चोर कडी तोडून घरात शिरत असे. हा चोर गोड बोलून किंवा दरडावून आपल्याच हाताने दार उघडायला लावतो.

दुसरी अडचण शिकण्याची आहे. रस्ता ओलांडताना चूक झाली तर लगेच हॉर्न वाजतो, ब्रेक करकचतो, कोणीतरी ओरडते. पुढच्या वेळी आपण सावध राहतो. मोबाईलवर शंभर वेळा निष्काळजीपणा केला तरी काहीच होत नाही. त्यावरून मन 'आपले काही बिघडत नाही' असा धडा घेते. एकशेएकाव्या वेळी बिघडते, तेव्हा सावरायला वेळ उरलेला नसतो.

शिवाय हे सारे आले किती वेगाने! यूपीआय सुरू झाले २०१६ साली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली, २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात पैशाचा हा नवा व्यवहार आला. मोटारगाड्यांची सवय व्हायला समाजाला दोन-तीन पिढ्या मिळाल्या. येथे जेमतेम दहा वर्षे मिळाली आहेत.

रोज मरे त्याला कोण रडे

पहिला प्रकार निर्ढावण्याचा. घड्याळाची टिकटिक थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते, कारखान्याजवळ राहणाऱ्याला भोंग्याचा त्रास होत नाही. वारंवार येणाऱ्या आणि त्रास न देणाऱ्या गोष्टीकडे लक्ष न देणे हा मेंदूचा स्वभावच आहे. तसे नसते तर आपण वेडे झालो असतो.

पण हाच स्वभाव सूचनांच्या बाबतीत घात करतो. 'हा ओटीपी कोणालाही सांगू नका' हे वाक्य आपण इतक्या वेळा पाहिले आहे, की आता डोळे त्यावरून घसरत जाऊन फक्त आकडे टिपतात. काही काळापूर्वी फोन लावला की आधी सायबर फसवणुकीची सूचना ऐकू येत असे. सुरुवातीला लोकांनी ती लक्षपूर्वक ऐकली. महिन्याभरात ती संपण्याची वाट पाहू लागले आणि पुढे तर वैतागू लागले. सूचना चुकीची नव्हती. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतला मुलगा खोटे बोलत होता म्हणून लोक आले नाहीत. इथे खरे बोलूनही कोणी येत नाही, इतकाच फरक.

त्यात भर पडते ती 'माझ्या बाबतीत असे होणार नाही' या समजुतीची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी १९८० साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की बरे-वाईट प्रसंग आपल्या वाट्याला येण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत किती, असे विचारले तर माणसे चांगल्या गोष्टींची शक्यता स्वतःसाठी जास्त आणि वाईट गोष्टींची कमी धरतात. तंबाखू खाणारा प्रत्येक रुग्ण मला तंबाखू खाऊन नव्वद वर्षे जगलेल्या आजोबांचे उदाहरण देतो, ते याच हिशेबाने. 'फसतात ते अडाणी किंवा लोभी' असे म्हणणारा सुशिक्षित माणूसही तोच हिशेब करीत असतो.

आणखी एक बाब. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी १९८२ साली असा विचार मांडला, की प्रत्येकाची धोका पत्करण्याची एक ठरावीक पातळी असते. सुरक्षिततेची साधने वाढली की तो तेवढाच बेफिकीर होतो. या सिद्धांतावर पुष्कळ वादही झाले. तरी 'बँकेचे ॲप आहे, पासवर्ड आहे, अंगठ्याचा ठसा आहे, आता कशाला काळजी?' हे वाक्य आपण ऐकतोच. कुलूप कितीही भारी असले तरी किल्ली आपणच दिली तर ते काय करणार?

ताकही फुंकून पिणारे

दुसरा प्रकार अतिसावधपणाचा. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, हे स्वाभाविकच आहे. काही दिवस असे वागण्यात गैर काही नाही. पण महिने लोटले तरी फुंकणे थांबत नसेल तर तो आजार समजावा.

माझ्याकडे येणाऱ्या एका मावशींचे उदाहरण देतो. (ओळख पटू नये म्हणून या लेखातील उदाहरणांचे तपशील बदलले आहेत.) त्यांच्या जावेच्या खात्यातून वीज तोडण्याच्या खोट्या मेसेजमुळे पैसे गेले. मावशींचा स्वतःचा एक रुपयाही गेला नव्हता. तरी त्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला. परगावी असलेल्या मुलीचा फोन उचलेनात, कारण आवाज मुलीचा असला तरी ती मुलगीच कशावरून? मधुमेहाच्या तपासणीची आठवण करून देणारा दवाखान्याचा मेसेजही त्यांनी न वाचताच पुसला. तीन महिन्यांनी आल्या तेव्हा साखर चांगलीच वाढलेली होती. "मावशी, गोळ्या घेता ना?" विचारल्यावर म्हणाल्या, "संपल्या होत्या. दुकानदार म्हणाला फोनवरून मागवा. मी कशाला हात लावते!"

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की टाळण्याने भीती कमी होत नाही, ती पोसली जाते. फोन टाळला की त्या क्षणी हायसे वाटते. मन म्हणते, 'बघ, टाळला म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी टाळण्याची ओढ आणखी वाढते. वारंवार शिल्लक बघण्याचेही तसेच. बघितल्यावर पाच मिनिटे बरे वाटते, मग शंका पुन्हा डोके वर काढते. झोप मोडते, चिडचिड होते, पित्त वाढते, रक्तदाबाच्या गोळ्या पुरेनाशा होतात.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे: भीती टप्प्याटप्प्याने मोडायची. मावशींच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात फक्त मुलीचा फोन घ्यायचा, आणि खात्रीसाठी दोघींनी आपसात एक खुणेचा शब्द ठरवायचा, एवढेच सांगितले. दुसऱ्या आठवड्यात भाचीला शेजारी बसवून वाण्याला दहा रुपये पाठवायचे. दोन महिन्यांत त्या पुष्कळशा पूर्वपदावर आल्या. शिल्लक बघणाऱ्यांनी दिवसातली एक वेळ ठरवावी, समजा सकाळच्या चहानंतर, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत बघू नये. पहिले चार दिवस जड जातात. पाचव्या दिवसापासून मन हळूहळू ऐकू लागते.

शहाणी माणसे का फसतात?

'डिजिटल अरेस्ट' हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोचला आहे. आधी फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधार कार्डावर काळ्या पैशाचे खाते उघडले आहे. मग व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसतो. फोन बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही, कोणाला सांगायचे नाही, आणि 'तपासणीसाठी' सगळे पैसे अमुक खात्यात भरायचे.

अशी अटक कायद्यात कोठेही नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकारांची दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला. सर्व प्रकारची सायबर फसवणूक धरली तर २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेल्याची माहिती सरकारने संसदेत दिली आहे. फसलेल्यांत डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारीही आहेत. मग शिक्षण कोठे गेले?

याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की ताण थोडा असला तर शिकणे सुधारते, पण काम अवघड असताना ताण फार वाढला की शिकणे बिघडते. परीक्षेच्या हॉलमध्ये पाठ केलेले विसरणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे. फसवणारे नेमके हेच करतात. ते आधी भीती इतकी वाढवतात, की विचार करणारा मेंदू बाजूला पडतो. मग श्वास घ्यायला वेळ देत नाहीत आणि चौथ्या माणसाशी बोलू देत नाहीत, कारण कोणी जवळचा माणूस नुसता 'अहो, काय चाललंय?' असे म्हणाला तरी जादू उतरते.

त्याला जोड मिळते गणवेशाच्या धाकाची. स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा १९६३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रसिद्धच आहे. अधिकारी वाटणाऱ्या माणसाने सांगितले म्हणून ४० पैकी २६ जणांनी दुसऱ्या माणसाला ४५० व्होल्टचा विजेचा झटका देण्यापर्यंत मजल मारली. झटका खोटा होता, पण त्यांना तो खरा वाटत होता. ही माणसे दुष्ट नव्हती, सरळमार्गी होती. कायदा पाळणारा, पोलीस स्टेशनची पायरी न चढलेला माणूस म्हणूनच यात लवकर सापडतो. त्याच्या बुद्धीपेक्षा त्याची अब्रूच त्यांना हाती लागते.

पैशापेक्षा मोठी जखम

एका निवृत्त गुरुजींना त्यांच्या पत्नी घेऊन आल्या. "जेवत नाहीत, बोलत नाहीत, अंधारात बसून राहतात," एवढेच त्या सांगू शकल्या. रक्त, लघवी, थायरॉइड सगळे तपासून झाले, दोष सापडेना. पत्नी औषधे आणायला बाहेर गेल्या तेव्हा गुरुजींनी तोंड उघडले. "डॉक्टर, पस्तीस वर्षे पोरांना शहाणपण शिकवले. आता कोणत्या तोंडाने सांगू?" दोन दिवस त्यांना व्हिडिओसमोर बसवून ठेवले होते. निवृत्तीचे बहुतेक पैसे गेले होते. या गोष्टीला तीन आठवडे झाले होते आणि घरात कोणालाही पत्ता नव्हता. "रात्री विहिरीकडे जाऊन आलो दोनदा," असे ते हळूच म्हणाले.

त्या दिवशी मी बाकीचे रुग्ण थांबवले. त्यांच्या संमतीने पत्नीला आत बोलावले आणि तिघांनी मिळून मुलाला फोन केला. त्याच दिवशी पोलिसांत तक्रार झाली आणि मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले. पैसे परत आले नाहीत. तीन आठवड्यांत ते कितीतरी खाती फिरून गेले होते. पण गुरुजी आज आपल्यात आहेत, जेवतात, संध्याकाळी फिरायला जातात.

हे उदाहरण मुद्दाम दिले. घरफोडी झाली तर सारी गल्ली धीर द्यायला येते. फोनवर फसलेल्याला मात्र पहिला प्रश्न येतो, 'तुम्हाला एवढे कळले नाही?' या एका प्रश्नाच्या धाकाने माणसे गप्प बसतात, आणि गप्प बसण्यात पैसे परत मिळण्याची वेळ निघून जाते. हृदयविकाराच्या झटक्यात जसा पहिला तास मोलाचा, तसाच इथेही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळण्याआधी १९३० या क्रमांकावर कळवले तर ते मध्येच गोठवता येण्याची शक्यता असते. म्हणजे लाज ही नुसती मनाची जखम नाही, ती पैशाचेही नुकसान करते.

फसवणुकीनंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नसेल, जेवण तुटले असेल, 'माझा घराला भार झाला' किंवा 'मी नसतो तर बरे' असे बोलणे येत असेल, तर ते नाटक समजू नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते.

भीती कामाला लावा

तर मग लोकांना आणखी घाबरवावे का? याचे उत्तर १९६५ सालच्या एका प्रयोगात सापडते. अमेरिकेतील येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रके दिली. काहींची भयंकर, काहींची सौम्य. भयंकर पत्रक वाचणारे जास्त घाबरले, 'लस घेऊ' असेही म्हणाले. पण प्रत्यक्षात दोन्ही गटांत लस घेणाऱ्यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. ज्यांना दवाखाना कोठे आहे याचा नकाशा दिला आणि 'तुम्ही नेमके केव्हा जाल ते ठरवा' असे सांगितले, त्यांच्यातले शेकडा २८ च्या आसपास लस घेऊन आले. ज्यांना तसे सांगितले नव्हते, त्यांच्यातले शेकडा ३ च्या आसपास.

भीतीला वाट दाखवली तर ती कामाला येते, नाही तर ती नुसती छातीत धडधडत राहते. म्हणून 'सावध राहा' एवढेच सांगून उपयोग नाही. काय करायचे ते आधीच ठरलेले हवे. प्रत्येक घराने पुढील गोष्टी एका संध्याकाळी बसून ठरवाव्यात:

१. पैशाविषयी किंवा पोलिसांचे नाव सांगून फोन आला, की फोन ठेवायचा, पाणी प्यायचे आणि दहा मिनिटे काहीही करायचे नाही. खरे काम दहा मिनिटांनी बिघडत नाही.

२. अशा वेळी फोन करायचा तो 'आपला माणूस' आधीच ठरवावा. तो मुलगा, पुतण्या, शेजारी कोणीही चालेल. रागावणारा मात्र नसावा.

३. बँकेला फोन करायचा तर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावरच. आलेल्या मेसेजमधल्या नाही.

४. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, हे समजावे.

५. रोजच्या खर्चाचे खाते वेगळे ठेवून त्यात थोडेच पैसे ठेवावेत. मन निर्धास्त राहते आणि झालेच तर नुकसान बेताचे होते.

६. १९३० हा क्रमांक देवघराजवळ किंवा दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. घाबरल्यावर आठवत नाही.

७. महिन्यातून एकदा गंमत म्हणून नातवंडाने आजोबांना खोटा फोन करावा आणि आजोबांनी तो ठेवावा. हात ज्याला सरावले आहेत तेच घाबरल्या वेळी घडते.

घरातल्या तरुणांना एक विनंती. वडीलधाऱ्यांनी 'हे काय आले आहे बघ रे' म्हणून फोन पुढे केला, तर 'बाबा, किती वेळा सांगायचे!' असे म्हणू नका. आज क्षुल्लक गोष्टीवर तुम्ही वैतागलात, तर उद्या मोठ्या गोष्टीच्या वेळी ते तुम्हाला विचारणार नाहीत. विसाव्या वेळीही शांतपणे बघून 'बरे झाले विचारलेत' असे म्हणा. रक्तदाबाच्या कोणत्याही गोळीइतकाच या चार शब्दांचा गुण आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.